सरदार सुभानरावांची शपथ

राज्य बदललं की सरदार सुभानरावांचा देव बदलायचा. जहागीर टिकवण्यासाठी त्यांनी दोनदा धर्म बदलला होता. अशा या धर्मात्म्याने साळू माळिणीची विहीर बळकावली. साळूने दरबारात दाद मागितली, पण पुरावा कुणाकडेच नव्हता.

“विहीर माझीच! वाटल्यास देवाची शपथ घेतो,” मिशीला पीळ देत सरदार गरजले.

साळू म्हणाली, “राजेसाहेब, जुन्या देवाला हे भीत नाहीत आणि नवा देव यांना अजून ओळखत नाही. ‘खोटं बोलत असेन तर माझी जहागीर सरकारजमा व्हावी,’ एवढंच यांना म्हणायला लावा.”

सरदारांचा हात मिशीवरच थिजला. “त्यापेक्षा देवाचीच शपथ घेतो,” ते पुटपुटले.

राजेसाहेब म्हणाले, “जा साळू, विहिरीवर मोट जुंप. यांचा खरा देव आज आम्हाला कळला.”