पेवाच्या पाटीवरची नावं

आता मला सांगा, विश्वास कोणावर ठेवावा? विचारल्याबरोबर छाती ठोकून उत्तर देणाऱ्यावर, की "मला अजून ठाऊक नाही" असं तोंडावर सांगणाऱ्यावर? घाई करू नका. आधी रेवणशेठची गोष्ट ऐका, मग बोला.

कृष्णाकाठच्या एका गावात हा रेवणशेठ हळदीचा व्यापार करी. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. अक्षरं शिकला ती पोत्यांवरच्या खुणा वाचून, आणि माणसं वाचायला शिकला ती पेठेत बसून. हळकुंड मोडून नुसता वास घेतला, की ते कुठल्या रानातलं हे तो सांगे.

त्या गावाची हळद पेवात राहायची. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड रांजणाएवढं, पोट खोलीएवढं. आत हळद भरायची, तोंड मातीनं लिंपायचं. मग कीड नाही, ओल नाही. पाच वर्षांनी काढा, हळद कालची वाटावी. एकच भीती. बंद पेवातली हवा माणसाचा जीव घेते. म्हणून उघडलेलं पेव दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीनं कंदील आत सोडायचा, आणि ज्योत जगली तरच माणसानं उतरायचं. रेवणशेठचा बाप म्हणायचा, "आधी दिवा, मग माणूस. ज्याला थांबता येत नाही त्यानं पेवाच्या धंद्यात पडू नये."

गावाला आणखी एक रीत होती. पेव उघडलं की पहिलं घमेलं टेकडीवरच्या विद्यापीठाला जायचं. कुणा पूर्वजानं पाडलेली रीत. विद्यापीठ त्यावरच चालायचं. तिथं काय चालतं, हे मात्र पेठेत कुणाला धड सांगता येत नसे. "एक जण मुंग्या मोजतो म्हणे," एवढं बोलून लोक हसत आणि घमेलं पाठवून देत.

एका वर्षी महापूर आला. नदीनं पात्र बदललं, आणि काठावरची सगळी जुनी पेवं खालून झिरपू लागली. पूर ओसरला, पण पेवांच्या तळाचं पाणी हटेना. नवी हळद शिजून, वाळून तयार झाली, तेव्हा गावापुढं प्रश्न पडला की ती ठेवायची कुठं?

भुजंगराव नावाचा एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार होता. खोदकामात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं तो स्वतःच सांगायचा. "आमराईत खणा," तो म्हणाला. "माझा शब्द आहे!"

रेवणशेठ पेठेचा पुढारी. त्यानं गावाला सांगितलं, "हळद आणा, जागा मिळाली." लोकांनी त्याच्या शब्दावर गाड्या आणून त्याच्या अंगणात रिकाम्या केल्या. आमराईत पंधरा हात खणलं. तिसऱ्या दिवशी तळाशी पाणी. भुजंगराव म्हणाला, "मग चिंचेखाली खणा. शब्द आहे!" चिंचेखालीही पाणी.

आता पावसाळा महिन्यावर आला होता. साऱ्या गावाची वर्षाची मेहनत शेठच्या अंगणात उघड्यावर पडलेली. त्याची बायको नीलव्वा दर संध्याकाळी ढिगांवर चटया ओढी आणि आभाळाकडं बघे. एकदा म्हणाली, "अहो, लोकांनी भुजंगरावाच्या तोंडाकडं बघून नाही आणली हळद. तुमच्या तोंडाकडं बघून आणली."

शेठला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

पेठेतल्या पंचांनी ठरवलं, यंदा विद्यापीठाचं घमेलं बंद. पेवंच नाहीत तर पहिलं घमेलं कुठलं? हा निरोप नोकराकडून धाडणं शेठला बरं वाटेना. तो स्वतः टेकडी चढला.

वर गेला तर दारातच एक गृहस्थ पालथे पडलेले. हे यशोधरमास्तर.

"शेठ, पाय उचला. तुम्ही रस्त्यात उभे आहात."

"कुणाच्या?"

"मुंग्यांच्या."

शेठनं पाय उचलला. पुढच्या खोलीत दस्तगीरमास्तर चामड्यानं तोंड मढवलेल्या रिकाम्या घागरीवर बोटं मारून कान लावत होते. चामडं तेच, घागर वेगळी, तर नाद का बदलतो, हे शोधण्यात त्यांचे केस पिकले होते. त्यापुढं तुळजाबाई. भोवती वह्यांचा ढीग. वाड्यावस्त्यांवर फिरून त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या नऊ हजार ओव्या लिहून आणल्या होत्या. शेवटच्या खोलीत नागनाथमास्तर एका दोरीच्या तुकड्याकडं टक लावून बसले होते.

"हे काय चाललंय?"

"ही गाठ आणि ती गाठ दिसायला निराळ्या आहेत," नागनाथमास्तर म्हणाले. "पण मुळात एकच आहेत का, ते बघतोय."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं झाली."

"मग? आहेत का एकच?"

"मला अजून ठाऊक नाही."

शेठनं मनात म्हटलं, आपलं घमेलं हे खातं होय! त्यानं चौघांना बोलावून निरोप सांगितला. कुणी भांडलं नाही. तुळजाबाईंनी फक्त विचारलं, "पेवं का नाहीत, शेठ?"

शेठनं सारी हकीकत सांगितली. आमराई सांगितली, चिंच सांगितली. बाई उठल्या, एक वही काढली आणि जात्यावरच्या संथ सुरात म्हणू लागल्या:

"नदीबाईचं गं पाणी, आलं पेठंच्या दारात,
माझ्या बापाचं पिवळं सोनं, सुखी भैरूच्या माळात."

"माळावरच्या वस्तीतल्या अंबूबाईंनी सांगितलेली ओवी आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना त्यांच्या सासूकडून आली."

शेठ म्हणाला, "बाई, सोनं पुरलं असेल कुणीतरी. त्याचं आम्हाला काय?"

"शेठ, सोनं पिवळं असतं हे जात्यावर बसून कोण सांगेल? या भागातल्या बायका पिवळं सोनं हळदीलाच म्हणतात. असल्या चाळीस ओव्या आहेत माझ्याकडं. पूर्वी कधी पूर आला तेव्हा कुणीतरी हळद भैरूच्या माळावर ठेवली होती. मात्र माळ मोठा आहे. नेमकं कुठं, ते ओवीत नाही. मला ठाऊक नाही."

तेवढ्यात यशोधरमास्तर पुढं सरकले. "भैरूच्या माळावर माझी काळ्या मुंग्यांची वारुळं आहेत. ओल लागली की त्या बिऱ्हाड हलवतात. पश्चिमेच्या दर पावसात हलतात. पूर्वेच्या सात वर्षांत एकदाही नाही, महापुरातसुद्धा नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण मुंगी चार हात खोल जाते. तुमचं पेव पंधरा हात. त्याखालचं मी सांगू शकत नाही."

"तिथं जुनी पेवं असतील तर जमीन बोलेल," दस्तगीरमास्तर म्हणाले. "भरल्या घागरीचा आवाज वेगळा, पोकळ घागरीचा वेगळा. एक मुसळ द्या मला."

शेठ तिघांकडं बघतच राहिला. महिनाभरात त्याला 'माझा शब्द आहे' म्हणणारा माणूस भेटला होता. 'इथवर माहीत आहे, इथून पुढं नाही' म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. आणि इथं एकाचं जिथं संपत होतं, तिथं दुसऱ्याचं सुरू होत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव माळावर. पूर्वेच्या अंगाला दस्तगीरमास्तर मुसळ आपटत आणि जमिनीला कान लावत चालले. पोरं हसली. भुजंगराव म्हणाला, "मास्तर, धरणीमायचा ताप बघताय का?" मास्तरांनी तोंडावर बोट ठेवलं. तीनशे पावलांवर ते थांबले. पुन्हा आपटलं. "इथं." पुढं आणखी एक. दुपारपर्यंत बारा जागा झाल्या.

खणलं, तर अडीच हातांवर दगडी झाकण. खाली पेव.

लोक उतरायला धावले. शेठ आडवा आला. "आधी दिवा!" झाकण दिवसभर उघडं ठेवलं. संध्याकाळी कंदील आणला. शेठ म्हणाला, "नागनाथमास्तर, तुम्ही गाठींचे पंडित. बांधा."

मास्तर संकोचले. "शेठ, गाठ कसली आहे एवढं मला कळतं. चांगली मारता येते असं नाही. सिदू गाडीवानाला बोलवा."

सिदूनं गाठ मारली. कंदील खाली गेला. ज्योत हलली, बारीक झाली आणि मग सरळ उभी राहिली. शेठ स्वतः उतरला. तळ कोरडा ठणठणीत. कोपऱ्यात कुणा पूर्वजाच्या हातून राहिलेलं एक हळकुंड होतं. त्यानं ते मोडून नाकाशी नेलं. वास विरला होता, पण आतला रंग पिवळाधमक. शेठ तिथंच खाली बसला. वरून नीलव्वा हाका मारतेय, "अहो, आहात ना?" आणि हा हळकुंड हातात धरून बसलेला.

बारा पेवांत गावाची हळद मावली. शेवटचं तोंड लिंपलं त्याच संध्याकाळी ढग आले.

भुजंगराव म्हणाला, "मी हेच सांगणार होतो."

वर्षानं पेवं उघडली, तेव्हा माळावर पंगत बसली. पंचांपैकी मल्लाप्पा उठून म्हणाला, "या मंडळींनी गावाला वाचवलं. यंदा एक नव्हे, तीन घमेली द्या विद्यापीठाला. ओवीवाल्या बाईंना एक, मुंगीवाल्यांना एक, नादवाल्यांना एक. चौथ्याला मात्र रजा द्यावी. गाठींनी काय केलं?"

नागनाथमास्तर पंगतीच्या टोकाला बसले होते. विद्यापीठातून उठवलं तर या वयात कुठं जायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मल्लाप्पा मनाचा वाईट नव्हता. त्यानंच वाट काढून दिली. "मास्तर, कंदिलाची गाठ तरी तुम्ही दाखवली असेल की सिदूला? तेवढं म्हणा, तुमचंही घमेलं धरतो."

एक 'हो' म्हटलं की झालं असतं. सिदूसुद्धा मान हलवायला तयार होता.

मास्तर म्हणाले, "नाही. गाठ सिदूची होती. माझा काही उपयोग झाला नाही."

तेव्हा रेवणशेठ उठला.

"मल्लाप्पा, मी टेकडीवर गेलो त्या दिवशी मला हे चौघेही बिनकामाचे वाटले होते. यातला एक काढ म्हणाला असतास, तर घागर बडवणाऱ्या दस्तगीरमास्तरांना मी आधी काढलं असतं. मग आज आपण कुठं असतो? ओव्या गोळा करताना बाईंना हळद वाचवायची नव्हती. मुंग्यांमागं हिंडताना मास्तरांच्या मनात आपलं पेव नव्हतं. त्यांनी आपापलं पेव भरून ठेवलं, आणि आपल्या अडचणीत ते उघडलं. नागनाथमास्तरांचं अजून लिंपलेलं आहे. लिंपलेल्या पेवाला रिकामं म्हणणारा तू कसला रे हळदवाला?"

लोक हसले. मल्लाप्पाही हसला.

"आणि दुसरं," शेठ म्हणाला. "पोटावर आलं असताना ज्यानं दुसऱ्याची गाठ आपल्या नावावर घेतली नाही, तो उद्या आपल्याला 'सापडलं' म्हणेल, तेव्हा ते खरोखर सापडलेलं असेल. असा माणूस घालवून कुणाला ठेवू? भुजंगरावांना?"

चार घमेली टेकडीवर गेली. ती घेऊन शेठ स्वतः गेला आणि दारात मुंग्यांची रांग ओलांडून आत शिरला.

पेवाच्या तोंडाशी मालकाच्या नावाची पाटी लावायची पद्धत होती. पहिल्या पेवाच्या पाटीवर शेठनं स्वतःचं नाव लिहिलं नाही. आपल्या ओबडधोबड अक्षरात त्यानं लिहिलं: ओवी अंबूबाईंची, त्यांच्या सासूकडून आलेली, लिहून ठेवली तुळजाबाईंनी. कोरडी जागा यशोधरमास्तर आणि त्यांच्या मुंग्या. नाद दस्तगीरमास्तर. कंदिलाची गाठ सिदू गाडीवान.

खाली एक ओळ उरली. शेठनं थोडा विचार केला आणि लिहिलं: नागनाथमास्तर, अजून ठाऊक नाही.

ती ओळ पुसायची नाही, पुढं भरायची, असं त्यानं मुलांना सांगून ठेवलं.

तात्पर्य: कुठली विद्या कधी कामी येईल हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येकीला जपावं, आणि ज्याला 'मला ठाऊक नाही' आणि 'हे माझं नाही' म्हणता येतं, त्याच्यावर विश्वास ठेवावा. एवढं ऐकलंत, तर एक मागणं आहे बाबांनो: कुणाकडून काय मिळालं याचा हिशेब तुम्हीही चोख ठेवा, आणि ज्याचं त्याच्याच नावावर लिहा.