सोडून दिलेले खड्डे

एकदा एका डोंगराची परीक्षा घ्यायचे ठरले. माणसांच्या परीक्षा आपण रोज घेत असतो, त्यात नवल नाही. पण कोकणाच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेलगतच्या एका गावात एका बाईंना आपल्या डोंगरउतारावर रबर लावायचे होते, आणि रबर लावायचे तर आधी जमिनीला विचारावे लागते. हे झाड सुरुवातीची काही वर्षे कुठेही वाढते आणि सर्वांना भुलवते. त्याचे सोटमूळ खाली कातळाला टेकले, की मात्र उन्हाळ्यागणिक ते खंगत जाते. नेमकी तेव्हाच चीक काढायची वेळ आलेली असते, आणि मालक हात चोळत बसतो.

त्या भागात जमिनीची पारख करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सारे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचा एक शिष्य होता. कृषी महाविद्यालयात शिकलेला, कामाला वाघ, आणि आपल्या कामाचा चांगलाच अभिमान असलेला. अभिमान काही वाईट नव्हे. ज्याला आपल्या कामाचा अभिमान नाही, त्याच्याकडून मी तरी साधी विहीरही खणून घेणार नाही.

या डोंगराची परीक्षा गुरुजींनी सर्वस्वी शिष्यावर सोपवली. ती त्याची पहिलीच स्वतंत्र परीक्षा. त्याने मातीची आम्लता तपासली, वारा कुठून अंगावर येतो ते पाहिले, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते ते गड्यांना विचारले आणि सबंध उतारावर खड्डे घेतले. काय ते खड्डे! माणूस आत उतरला तर फक्त डोके दिसावे इतके खोल, भिंती ओळंब्यात, आणि तळापर्यंत लाल, भुसभुशीत माती. निर्णय झाला की सारा डोंगर रबराला योग्य आहे.

पण डोंगराच्या वरच्या अंगाला काजूची बाग होती. रबर लावायचे तर ती तोडावी लागणार होती. मालकीणबाई एक दिवस त्या बागेत फिरून आल्या. मग त्या शिष्याला म्हणाल्या, "माझ्या सासूबायन लायलेल्यो काजी आसत त्यो. अजून धरतत. पण झिला, तू शिकलेलो. तू म्हणतस तर तोडतंय." हे ऐकून शिष्याला वाईट वाटले आणि बरेही वाटले. आपल्या शब्दावर कोणी एवढे मोठे काम करते आहे, ही गोष्ट पंचविशीतल्या माणसाला चढतेच.

झाडे तोडायला माणसे दुसऱ्या दिवशी येणार होती. आदल्या सकाळी, तिथल्या रिवाजाप्रमाणे, जागा राखणाऱ्या देवापुढे नारळ ठेवून 'सारे नीट पार पाड' असे गाऱ्हाणे घातले गेले. रोपवाटिकेचा व्यापारी मुहूर्तासाठी पिशवीतली चार रोपे घेऊन आला होता. पहिले रोप गुरुजींच्या हस्ते लागायचे होते. वरच्या अंगाचा सर्वांत देखणा खड्डा शिष्याने त्यासाठी निवडला होता आणि त्याच्या कडेने झेंडूची फुले मांडली होती.

गुरुजी रोप घेऊन चढ चढले. फुलांच्या खड्ड्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्याच्या बाजूला दोन-तीन हातांवर, पाचोळ्याने अर्धवट झाकलेला एक वीतभर खळगा होता. गुरुजी तिथे उकिडवे बसले. त्यांनी रोपाची पिशवी फाडली आणि रोप त्या खळग्यात उभे केले. मुळांचा गोळा अर्धा बाहेरच राहिला. भोवती माती लोटली तरी रोप आडवे झाले. गुरुजींनी ते उचलले, पुढच्या खड्ड्यापाशी गेले, तिथेही शेजारी तसाच एक खळगा शोधला आणि पुन्हा तेच केले. रोप पुन्हा कलंडले.

"म्हातारपण, दुसरा काय!" व्यापारी पुटपुटला.

मालकीणबाई पुढे झाल्या. "गुरुजी, ह्या काय करतास? खड्डो थंय सजवन ठेवललो आसा."

गुरुजी हात झटकत म्हणाले, "ही जागा माझ्या शिष्याने आधी खणायला घेतली होती आणि मग सोडून दिली. का सोडली, ते त्यालाच ठाऊक."

 शिष्याला ते खळगे एकेक करून आठवले. पहार खणकन वाजायची. गडी म्हणायचे, "सायबानू, हंय कातळ लागता." आणि तो म्हणायचा, "असू दे, जरा बाजूला घ्या." एखादा दगड असेल, असे त्याला खरोखरच वाटले होते. शिवाय अर्धवट खड्डा आपल्या नावावर कसा दाखवायचा! खालच्या अंगाला असे कुठेच झाले नव्हते. वरच्या अंगाला जवळजवळ प्रत्येक खड्ड्याला झाले होते.

सबबी त्याच्या जिभेवर तयार होत्या. वारूळ होते म्हणावे, नाहीतर काजूची मुळे आडवी आली म्हणावे. गडी खाली मान घालून उभे होते. त्यांनी चकार शब्द काढला नसता. गुरुजी तर डोंगराकडे पाहत होते. सगळे त्याच्यावरच होते, आणि दुसऱ्या सकाळी कुऱ्हाडी येणार होत्या.

"काकी," तो म्हणाला, "मी चुकलो. तिथे कातळ लागला म्हणून मी बाजूला सरकलो. वरच्या अंगाला कातळ आहे. कातळाच्या भेगांत माती साठलीय, माझे खड्डे तेवढ्या भेगांतच उतरलेत. इथे रबर टिकणार नाही. काजू तोडू नका."

"अरे, पण खोल खड्डे पण आसत मां?" व्यापारी कळवळून म्हणाला. त्याची अर्धी रोपे घरीच राहणार होती.

तेव्हा गुरुजी बोलले. "आहेत, आणि ते खोटे नाहीत. पण खड्डा सरकवता येतो, झाडाला सरकता येत नाही. ते रांगेत जिथे येईल तिथेच त्याला जन्मभर उभे राहायचे असते. जमीन जिथे हो म्हणाली तेवढेच आपण मोजले आणि जिथे नाही म्हणाली तिथून पाय काढता घेतला, तर ती जमिनीची परीक्षा होत नाही. ती आपल्या इच्छेची मिरवणूक होते." मग शिष्याकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "हे खळगे मी काल संध्याकाळीच पाहिले होते. तुला घरी सांगता आले असते. पण मग निर्णय माझा झाला असता."

मालकीणबाईंनी एकच विचारले, "म्हणजे काजी ऱ्हवतल्यो?"

"राहतील, काकी."

बाई जवळच्या काजूच्या बुंध्याला टेकल्या. डोळ्यांना पदर लावून झाल्यावर त्या गड्यांवर खेकसल्या, "बघतास काय नुसते? जावा, कुऱ्हाडीवाल्यांका सांगा, फाल्या सकाळी येव नकात!" आणि शिष्याकडे पाहून म्हणाल्या, "आपली चूक तूच सांगितलंस, आता तुझ्या शब्दार माझो विश्वास. खालती रबर लाव. तू दाखवशीत थंय."

मग रबर कुठवर आणि काजू कुठून, ही सीमा आखायची होती. शिष्य पहार घेऊन पुढे झाला. पहार वाजली की तिथेच थांबायचा, खाली सरकून पुन्हा मारायचा. जिथे ती न अडखळता उतरली, तिथून चुन्याची रेघ निघाली. ती काही सरळ नव्हती. डोंगराला वळसे घेत, वाकडीतिकडी चालली होती. तरीही त्याला ती आपल्या साऱ्या देखण्या खड्ड्यांहून प्रिय वाटली. लोक रेघेवर पाय पडू नये म्हणून बाजूला होत होते.

मध्येच चुन्यासाठी त्याने मागे हात केला आणि वळून पाहिले, तर बादली गुरुजींच्या हातात होती. तो ओशाळून ती घ्यायला धावला.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता आणि तो लपवायचे त्यांच्या मनातही नव्हते. "तू रेघ सांभाळ."