खड्ड्याने गिळलेली माती

पूर्वी शमीपूर नगरीत राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गवंड्याच्या कुळात जन्मले होते. घर बांधण्यापेक्षा घराखालची जमीन समजून घेण्याची त्यांना भारी हौस. लोक थट्टेने म्हणत, याला भिंत दाखवा, हा पायाची चौकशी करील.

त्याच नगरीत रोहक नावाचा श्रेष्ठी राहत होता. त्याच्या सुनेला पाचवा महिना लागला होता, आणि नातवंड नव्या घरातच जन्मावे असा त्याचा हट्ट होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! जुने घर उभे असतानाच त्याने नव्याचा मुहूर्त काढून ठेवला. बोधिसत्त्वांनी ते घर कौलांपासून खाली उतरवले, लाकूड एकीकडे, दगड एकीकडे रचले आणि जागा मोकळी केली.

मग आपल्या रीतीप्रमाणे त्यांनी हातभर खड्डा खणला आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरली. जमीन चांगली असेल तर माती भरून वर उरते. इथे माती काठापर्यंतही आली नाही. वारा नव्हता, टोपली कुणी उचलली नव्हती. त्यांनी माती उपसून पुन्हा भरली, तर ती आणखी ओंजळभर कमी पडली. माती गेली कुठे? बोधिसत्त्वांना जेवण सुचेना.

मुहूर्ताच्या सकाळी रोहक पूजेचे ताट घेऊन आला. मागून बारा मजूर पायाचा दगड ओढत येत होते. खड्ड्यात बाहेरची टोपलीभर माती टाका, नाहीतर दुसरा गवंडी बोलावतो, असे त्याने बजावले. तो तसे करील हे बोधिसत्त्व जाणून होते, आणि हातचे काम जाण्याची त्यांना भीतीही वाटली.

ते म्हणाले, "टोपलीभर मातीनं खड्डा भरेल, श्रेष्ठी. पण हा आपलीच माती का गिळतो ते कळेपर्यंत मी इथं माणूस उभा करणार नाही."

त्यांनी मजुरांना लांब थांबवले, कमरेला दोर बांधला आणि खड्ड्यात पहार मारली. तिसऱ्या घावाला पहार हातातून निसटून जमिनीत गेली. अंमळ थांबून खोलवरून आवाज आला. खाली रोहकाच्या पणजोबांचे धान्याचे पेव होते, फळ्यांनी झाकलेले आणि विसरलेले. फळ्या कुजून गेल्या होत्या.

रोहकाने ताट खाली ठेवले.

"इथंच सुनेचं बाळंतघर यायचं होतं," तो म्हणाला.

बोधिसत्त्वांनी त्याला हाताला धरून मागे घेतले. मुहूर्त टळला. पेव दगडांनी भरून घ्यायला दोन महिने गेले, आणि नात शेजाऱ्यांच्या घरी सुखरूप जन्मली.

विहाराचा पाया घाईने घालू पाहणाऱ्या भिक्षूंना ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "तो रोहक आज तुमच्यातच बसला आहे आणि कालपासून घाई करतो आहे. दगड ओढणारे मजूर तुम्ही होता. पहार हरवून बसलेला तो गवंडी मीच. जे कळले नाही त्याच्यापाशी थांबून विचारणे, हीच प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची पूर्णता होय."

मागे बसलेला तो घाईचा भिक्षू उठला आणि त्याने विहाराच्या जागी हातभर खड्डा खणायला घेतला.