बाबांच्या वाट्याची प्रार्थना

वसईच्या एका हिरव्यागार वाडीत, केळींच्या सावलीत एक इवलंसं कौलारू घर होतं. त्यात राहायची ब्रिजू. भारी चौकस पोर! केळफूल जांभळंच का, मुंगीला झोप येते का, हिचे प्रश्न काही संपायचे नाहीत. पण त्या वर्षी उत्तरं द्यायला घरात सवड कोणाला होती? बाबांच्या अंगावरून वारं गेलं होतं. हात हलेना, पाय हलेना, तोंडातून शब्द फुटेना. आई त्यांना कुशीवर वळवायची, अंग पुसायची, चमच्याचमच्याने पेज भरवायची. वाडीकडे बघायला कोणी नव्हतं, म्हणून ब्रिजूच्या ताटलीतही पेजच असायची.

तिन्हीसांजेला मात्र आई येशूच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून जपमाळ हातात घ्यायची. पूर्वी ‘नमो मरिये’ बाबा सुरू करायचे आणि ‘पवित्र मरिये’पासूनची उरलेली अर्धी प्रार्थना आई न् ब्रिजू म्हणायच्या. आता बाबांची पाळी आली की आई गप्प थांबायची आणि मग आपली अर्धी म्हणायची.

"आई, थांबतेस कशाला? बाबा तर बोलतच नाहीत."

"मनात म्हणतात गं ते. त्यांच्या वाट्याचं मी कसं म्हणू?"

"पण तुला कसं कळतं?"

आई नुसती हसायची. एके दिवशी मात्र ती हसलीच नाही. तिने जपमाळ घेतली आणि तशीच खुंटीला अडकवली.

"थकले गं बाय. हे म्हणतात की नाही, कोण जाणे. मी आपली भिंतीशीच बोलते की काय! राहू दे आता."

बाबांचे डोळे त्या खुंटीकडे लागून राहिले.

दुसऱ्या दिवशी ती बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, पाणी आणायला गेली. बघते तर काय, पाण्यात काहीतरी चिमुकलं, सोनेरी, गटांगळ्या खातंय! ब्रिजूने पटकन केळीचं पान पुढे केलं. पानावर चढली एक इटुकली परी! फ्रॉक केळफुलासारखा जांभळा, पंख चमचमते, पण चिंब भिजलेले. ब्रिजूने आपली एकुलती एक लाल रिबीन सोडली आणि अलगद पंख टिपले.

"तू परी का? कुठे राहतेस? पाण्यात कशी पडलीस?"

"अगं बये, श्वास तर घेऊ दे!" परी खुदकन हसली. "केळफुलातला मध प्यायला वाकले आणि पडले धपकन! गुणाची गं तू. एक इच्छा माग. पण नियम आहेत हं. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि आजार घालवणं माझ्या हातात नाही, ते देवाच्या हातात."

ब्रिजूचं तोंड एवढंसं झालं. तेच तर ती मागणार होती! ती पाण्यात पाय सोडून बसली. खूप विचार केला.

"मग आज बाबांच्या मनातली प्रार्थना आईला ऐकू येऊ दे."

"आणि ते म्हणतच नसले तर?"

"म्हणतात. आई म्हणाली होती ना."

"तुला नाही ऐकायचं?"

"खूप ऐकायचंय गं! पण नियम म्हणजे नियम."

संध्याकाळी ब्रिजूने स्टुलावर चढून जपमाळ काढली आणि आईच्या हातात दिली. "आजच्या दिवस, आई!" आईने उसासा टाकला, मेणबत्ती लावली आणि थांबली.

ब्रिजूने कान टवकारले. छे, नुसते रातकिडे! पण आईने एकदम बाबांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "अगंबाई..." एवढंच ती पुटपुटली आणि ‘पवित्र मरिये’ म्हणू लागली. मग प्रत्येक मण्याला ती थांबायची, ऐकायची आणि रडता रडता हसायची. ब्रिजूला काहीच ऐकू येत नव्हतं, पण आईचा चेहरा बघून तिला इतका आनंद झाला म्हणता!

शेवटच्या मण्याला खिडकीत पंख चमचमले.

"मी काही मागितलं नाही हं!" ब्रिजू घाईघाईने कुजबुजली.

"तू मागायचं नाही, असा नियम आहे," परी म्हणाली. "मी द्यायचं नाही, असा कुठे आहे?"

सोनेरी, गुलाबी, जांभळा उजेड घरभर भिरभिरला आणि त्या उजेडात परी विरून गेली. तेवढ्यात खाटेवरून एक घोगरा, अडखळता आवाज आला.

"आ... मेन."

"ऐकलंस?" आईने विचारलं.

"ऐकलं!" ब्रिजू ओरडली आणि बाबांच्या गळ्यातच पडली.

जपमाळ पुन्हा कधी तशीच खुंटीला गेली नाही. बाबा अजून खाटेवरच आहेत. त्यांची पाळी आली की आई थांबते आणि आता ब्रिजूही थांबते. का थांबायचं, हे ती विचारत नाही. बाकीचे सतराशे साठ प्रश्न मात्र चालूच आहेत!