हौदातली पाणमांजरं

फार फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. मुलांनो ऐका, आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्ही तर ऐकाच.

तिथल्या राजाचा जीव एकुलत्या एका लेकीत होता. लेकीचा जीव मात्र नदीत. रोज सकाळी ती खडकावर बसून पाणमांजरांचा दंगा बघे. ती एकमेकांचा मासा पळवत, चिखलावरून घसरत पाण्यात पडत, आणि राजकन्या पोट धरून हसे.

एकदा ती तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण पायांत त्राण उरलं नाही. वैद्यांनी बाहेरचा वारा वर्ज्य केला. तिचं खाणं सुटलं, हसणं सुटलं. राजा हवालदिल झाला.

"तिला नदीवर जाता येत नाही, तर नदीच इथे आणा," तो म्हणाला.

खिडकीखाली संगमरवरी हौद बांधला, वर जाळी घातली. शिकाऱ्यांनी पाणमांजरांचं एक कुटुंब पकडून त्यात सोडलं. ती कडेकडेने नुसती गोल गोल फिरत राहिली. राजकन्येने बराच वेळ पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"बाबा, ही ती नव्हेत."

राजेलोकांना हुकूम देता येतो, ऐकून घेता येत नाही. राजाला वाटलं, शिकाऱ्यांनी भलतीच आणली.

"मूर्खांनो, खरी आणा!"

दुसरी आली, तिसरी आली. जुनी मरत, नवी येत. लेक दर वेळी तेच म्हणे आणि राजा शिकाऱ्यांवर डाफरे. शेवटी त्यांचा म्होरक्या हात जोडून म्हणाला, "महाराज, आता एकच मादी उरलीय. तिच्या पोटाशी पिल्लं आहेत. तेवढी राहू द्या."

"मग तीच असेल. आणा तिला."

तीही आली, आणि पिल्लांसकट मेली.

पुढे औषधाला गुण आला. राजकन्या काठी टेकत उभी राहिली. तिने पहिलं काय मागितलं असेल?

"बाबा, मला नदीवर न्या ना."

राजाला नाही म्हणवेना. खडकावर ती दिवसभर बसली. पाणी नुसतं वाहत होतं.

"माझी पाणमांजरं कुठे गेली, बाबा?"

"तुझ्यासाठीच आणली होती, बाळ."

"सगळी?"

राजाने मान खाली घातली. लेक उठली आणि त्याने पुढे केलेला हात न धरता पालखीत जाऊन बसली. राजा त्यानंतर पुष्कळ जगला. ती त्याच्याशी बोलायची, त्याची सेवाही करायची. पण तिने त्याच्याकडे पुन्हा कधीच काही मागितलं नाही.

तात्पर्य: ज्याचं जगणं पाहायला आवडतं, त्याच्या दारी आपण जावं आणि रिकाम्या हातांनी परत यावं.