मऊ वाजणारी मडकी

त्या राज्यात ज्याचा आवाज मऊ, तो कुलीन. राज्य मडक्यांचं होतं आणि तिथे प्रत्येकाची पारख टिचकी मारून होई. दिवाणखान्यातल्या मडक्यांवर सुरेख वेलबुट्टी होती. आगीने रंग काळवंडतो, म्हणून ती भट्टीत कधी गेलीच नव्हती. टिचकी मारली की त्यांच्यातून 'भद्द' असा आवाज येई आणि ऐकणारे म्हणत, "किती सौम्य!"

बाहेर, रस्त्यालगतच्या उकिरड्यावर, बेवारस मडकी राहत. तिथे रोज कचरा पेटे. त्या धगीतच ती वाढली होती. काळी, वाकडी, आणि तोंड उघडलं की 'खण्ण'! तो आवाज आला की दिवाणखान्याच्या खिडक्या धडाधड बंद होत.

काजळी त्यांच्यातलीच. तिच्या सोबत्यांचा गाड्यांखाली चुरा झाला होता. उरला होता धाकटा भाऊ चिंगा, मुठीएवढं बोळकं. त्याला छपराखाली जागा मागायला ती त्याला घेऊन दिवाणखान्यात गेली.

उंच ओट्यावरच्या थोरल्या रांजणाने चंदनाच्या काठीने तिला वाजवलं. "बोल."

"ओ काका, ह्याला एक कोपरा द्या. बाहेर गाड्या चिरडतात. मला नको, ह्याला द्या फक्त!"

"शी, केवढी कर्कश!" कुणीतरी कुजबुजलं. एक सुरई खुदकन हसली. "पुन्हा बोल ना गं. गंमत वाटते."

"गंमत वाटते तर बाहेर या की, ताई. तिथं रोजच असती."

रांजण समजुतीने म्हणाला, "मुली, मागणं रास्त आहे. सूर तेवढा चुकतोय. ह्याच्या आत ओली माती लिंपू, म्हणजे आवाज मऊ होईल. मग खुशाल राहू दे."

"मग पाणी कुठं भरायचं, काका?" चिंगाने विचारलं.

"आमच्याकडे पाणी कुणी भरत नाही."

काजळीने सावलीतला तो कोपरा पाहिला. मग हळूच म्हणाली, "घे रे लिंपून. जगशील तरी."

"आन् तू हाक मारलीस तर ओ कशी देऊ?"

भावाला घेऊन काजळी भर दरबारातून खणखणत बाहेर पडली.

पुढे एकदा नदीने काठ सोडले. पाणी दिवाणखान्यात शिरलं आणि जमिनीवरची मडकी बुडापासून विरघळू लागली. त्यांनी हाका मारल्या, पण त्या शेजारच्या मडक्यापर्यंतही पोचल्या नाहीत. रस्त्यावरची मडकी मात्र लाटांवर तरंगत, एकमेकांना धडकत, हाकेला ओ देत राहिली. त्या गलक्यात कुणी हरवलं नाही.

पाणी ओसरलं तेव्हा दिवाणखान्यात रंगीत चिखल उरला होता. ओट्यांवर आणि फळ्यांवर होती तेवढी मडकी वाचली. ती चिखल तुडवत बाहेर आली आणि पुन्हा पेटलेल्या उकिरड्याच्या जाळापुढे रांगेत उभी राहिली. सर्वांत पुढे थोरला रांजण होता.

चिंगाने वाहून आलेली चंदनाची काठी उचलली, रांजणाच्या पोटावर हलकेच मारली आणि कान लावला.

भद्द.

"ए काजळे, सरक जरा," तो खणखणीत ओरडला. "काकांना एक कोपरा दे."