गजराआतेची खरी जागा

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. तेव्हा लावलेले माड म्हातारे होऊन पडले, त्यांचे वासे झाले आणि ते वासेही वाळवीनं खाऊन टाकले, इतकी. तेव्हा उंडवेळ गावात गजराआते राहत होती. खाडी समुद्राला मिळते त्या टोकावरचं हे गाव. आतेचा नवरा तरणाच वारला, सासरच्यांनी तिला कोपऱ्यात गप्प बसायला सांगितलं, ते काही तिला जमलं नाही, म्हणून ती भावाकडे परत आली आणि सुंभ वळून पोट भरू लागली. भावाची पोरं तिला आते म्हणत, मग शेजारची म्हणू लागली, आणि शेवटी तिच्याहून जास्त पावसाळे पाहिलेले बाप्येही आतेच म्हणू लागले.

आता, उंडवेळचे लोक काही कोळी नव्हते. कुणी भात लावी, कुणी माड चढे. पण हौस म्हणाल तर एकच, गरवायची. काम आटोपलं की गळ आणि दोर घेऊन खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, जाऊन बसायचं. मासा लागला तर कालवण, नाही लागला तर वारा कुठं गेला नाही. ही हौस मात्र बाप्यांची. बाईनं गळाला हात लावला की मासा विटतो, असं म्हणत. मासा विटतो की बाप्ये विटतात, ते कुणी माशाला विचारलं नव्हतं. गजराआतेनं विचारलं. अंबाडीचा दोर स्वतः वळला, ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून पक्का केला, लोहाराकडून गळ ठोकून घेतला, दोर करवंटीला गुंडाळला आणि जाऊन उभी राहिली. पहिल्याच भरतीला तिनं तांबोशी काढली. तांबडीलाल, माजलेली, अशी की तिच्या खवल्यात तोंड बघून गावच्या पोरींनी कुंकू लावलं, असं म्हणतात.

त्या दिवसापासून आतेचा गळ कधी रिकामा आला नाही. आणि त्या दिवसापासून धाकू भंडाऱ्याची झोप उडाली.

धाकू माड चढून माडी काढायचा, आणि आते येण्याआधी गावातला पहिल्या नंबरचा गरवणारा तो होता. निदान तो तसं सांगायचा. आता उंडवेळेची एक रीत होती. गळ घेऊन निघालेल्याला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही, अपशकुन. आणि विचारलंच, तर त्यानं खोटं सांगायचं. दक्षिणेला निघालेला उत्तर दाखवी, कोळंबी लावणारा खेकडा सांगे. देवासमोर खोटं बोललेलं पाप, पण जागा आणि आमिष यांबद्दल बोललेलं खोटं पापात धरत नसत. बाप मुलाला खोटं सांगे आणि मुलगा मोठेपणी फेडून घेई.

आतेला ही रीत कळेना.

"कुठं धरलीस गो आते?" पहिल्याच दिवशी धाकूनं विचारलं.

"वहाळाच्या तोंडाशी," आते म्हणाली. "जिवंत कोळंबीवर. भरती चढायला लागली की."

धाकू पोट धरून हसला. वहाळाचं तोंड म्हणजे काय, तर गावचा ओढा जिथं खाडीला मिळतो ती उताराची जागा. तिथं बायका कपडे धूत, गुरं पाणी पीत, होडी लागे. सारा गाव रोज गुडघाभर पाण्यातून तिथून जाई. तिथं तांबोशी? "बरी शिकलीस हो!" तो म्हणाला, आणि थेट उलट्या बाजूला, कड्याखालच्या घळीत जाऊन बसला. त्याला तिथं शिंगटी मिळाली. तिनं काटा मारला, हात सुपाएवढा सुजला.

आते मात्र विचारील त्याला सांगतच राहिली. "गोड्या पाण्याबरोबर कोळंबी वाहत येते, तिच्या मागनं मासा येतो. कोळंबी शेपटीतनं ओवा, डोक्यातनं नको. तिचे पाय हलत राहिले पाहिजेत. वजनाचा दगड कच्च्या दोऱ्यानं बांधा आणि गळ पक्क्यानं. खडपात अडकलं तर दगड जाईल, गळ आणि मासा राहील. पहिल्या टोचीला ओढू नका, चाखू दे तिला. तुमच्या घरी पाहुणा आला की पहिल्या घासाला ताट ओढता काय?"

लोक मान डोलवत आणि मनात म्हणत, बाई पक्की आहे, केवढं रचून सांगते! शेवटी एकानं तिला तोंडावर विचारलं, "आते, खरं काय ते कधी सांगशील?"

"मेल्यांनो, खोटं बोलावं ते ज्याला धरता येत नाही त्यानं," आते कडाडली. "मासा काय माझ्या बापानं पाळलाय लपवून ठेवायला?"

पण खऱ्यावर विश्वास ठेवायला माणसाला फार त्रास होतो. त्यापेक्षा चमत्कारावर ठेवणं सोपं. मग कुणी म्हणालं, ती दोरात स्वतःचा केस वळते. कुणी म्हणालं, तिचा दोर पाण्यात पडला की गुणगुणतो, आणि ते ऐकून देवळातली घंटा आपोआप हलते. तेवढं मात्र खरं असावं, कारण गुरवानंही ते ऐकलं होतं, असं म्हणतात.

धाकूचं तर विचारूच नका. तो माडाच्या शेंड्यावर बसे आणि तिथून त्याला सारा किनारा तळहातासारखा दिसे. रोज त्याला दिसे की आते वहाळाच्या तोंडाशीच उभी राहते, कोळंबी शेपटीतूनच ओवते आणि मासा तिथंच काढते. दुसरा कुणी असता तर शहाणा झाला असता. धाकू गरवणारा होता. तो माडाला मिठी मारून म्हणे, "काय बया आहे! मी वर आहे हे तिला ठाऊक आहे. भलतीकडे धरून आणते आणि मला दाखवायला इथं नाटक करते!"

अशी वर्षं गेली असती, पण धाकूची मुलगी हौसा लग्नाची झाली.

खाडीपल्याडच्या राघोबा मांजरेकराच्या मुलाला हौसा आवडली होती, हौसालाही तो आवडला होता. सगळं जमल्यासारखंच होतं. पण बोलणी करायला गेलेल्या धाकूला राघोबाच्या ओटीवर गळ टांगलेले दिसले आणि त्याची जीभ सुटली. आपण वासराएवढी तांबोशी धरतो, म्हणाला. महिन्याला एक. राघोबा स्वतः हाडाचा गरवणारा. त्यानं सुपारी अडकित्त्यात धरली होती, ती खाली ठेवली.

"व्याही," तो म्हणाला, "मुलगी लाख आहे. पण थापाड्याच्या घरी मी मुलगा देत नाही. पुनवेला जेवायला येतो. तुम्ही धरलेल्या तांबोशीचं डोकं माझ्या पानात पडलं की तिथंच सुपारी फोडतो. आणि कोळ्याकडची विकत आणाल, तर मला कळेल. जाळ्यातल्या माशाच्या जबड्यात गळाची खूण नसते."

धाकू घरी आला तो तोंड काळंठिक्कर घेऊन. हौसानं त्याला वाढलं आणि स्वतः चुलीपुढं उपाशी बसून राहिली. ते त्याला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं माडाकडे पाठ फिरवली आणि किनारा पालथा घातला. घळीत केंड मासा लागला, त्यानं दोरच कुरतडला. वाळूच्या पुळणीवर बोटाएवढ्या मुडदुशा मिळाल्या. घोडखडपावरून लाटेनं त्याला धोतरासकट खाली आणलं. पुनव जवळ आली तसा तो गजराआतेच्या दारात जाऊन उभा राहिला. आते सुंभ वळत होती.

"आते, एक तांबोशी धरून दे गो. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"एक कशाला, दोन देत्ये. पण राघोबानं विचारलं तर मी धरली म्हणून सांगेन."

"घटकाभर गप्प राहिलीस तर?"

"गप्प राहायला जमलं असतं तर मी सासरीच नसते का राहिले? जागा सांगितली, आमिष सांगितलं, आता काय तुझ्या गळाला मी स्वतः जाऊन लागू?"

पुनवेची सकाळ उजाडली. भरतीबरोबर पल्याडहून होडी सुटणार होती. घरात मसाला वाटून तयार होता आणि मासा नव्हता. धाकू ओटीवर डोकं धरून बसला तेव्हा हौसानं कोळंबीची करवंटी त्याच्यापुढं ठेवली. पहाटे वहाळात उतरून तिनंच ती धरली होती. पाण्यात कोळंबी टुणटुण उडत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सगळीकडे जाऊन आलात. आता एकच जागा राहिली."

धाकू उठला. चारचौघांत वहाळाच्या तोंडाशी उभं राहायचं म्हणजे त्याला नागड्यानं देवळात गेल्यासारखं वाटलं. बायका कपडे आपटायच्या थांबल्या. "काय हो भाऊजी, गुरांचं पाणी गरवताय?" एकीनं टोमणा मारला. धाकूनं ऐकून घेतलं. कोळंबी शेपटीतून ओवली. दगड कच्च्या दोऱ्यानं बांधला. भरतीचं पाणी वहाळात शिरू लागलं होतं, गढूळ आणि निळं जिथं मिसळत होतं तिथं त्यानं गळ टाकला. आते उताराच्या गडग्यावर, तिथल्या दगडी बांधावर, येऊन बसली, तिचं सुंभ वळणं चालूच.

टोच लागली. धाकूचा हात शिवशिवला, पण त्यानं ओढलं नाही. दुसरी टोच लागली. आणि मग दोर असा गेला की करवंटी त्याच्या हातात भोवऱ्यासारखी फिरली, तिच्यातून धूर निघाला, असं म्हणतात.

धाकूनं दोर दोन्ही हातांनी आवळला. टाचा वाळूत रुतल्या. पाण्यात तांबडी झळक उठली आणि साऱ्या वहाळाला सकाळीच संध्याकाळचा रंग चढला.

"सैल सोड!" आते गडग्यावरून ओरडली.

आणि धाकूच्या मनात जन्मभराची सवय जागी झाली. आते सोड म्हणते, म्हणजे ओढायचं असणार! त्यानं आणखी जोर लावला. दोर गुणगुणायला लागला. त्याचा एक पदर तट्‌कन तुटला.

"सोड म्हणत्ये ना, मेल्या!"

धाकूनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस नेहमी समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, पटलं की नाही ते बघायला. धाकूला हे पक्कं ठाऊक होतं. तो स्वतः आयुष्यभर तसाच बघत आला होता. आतेचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती. एवढी वर्षं तो शेंड्यावरून तिचे हात बघत आला, तोंड कधी बघितलंच नव्हतं.

त्यानं दोर सैल सोडला.

तांबोशी सुटली ती थेट खाडीत. तिकडून राघोबाची होडी येत होती. मासा होडीखालून असा वळला की होडी जात्यासारखी गरगर फिरू लागली. राघोबाचं तोंड घडीत उंडवेळेकडे, घडीत स्वतःच्या गावाकडे. "अहो, सोयरीक करायची की परत जायचं, एक काय ते ठरवा!" होडीवाला बोंबलला, असं म्हणतात. राघोबाला तो पाण्यातला भोवरा वाटला, आणि होडी गरगरत कड्याआड गेली ती मासा वर निघाल्यावरच उताराला लागली.

"दमली ती. आता तोंड फिरवील," आते म्हणाली. "फिरवलं की घे. ओढायला लागली की सोड."

धाकूनं घेतलं, सोडलं, घेतलं. ती सांगेल तसं, लहान पोरासारखं. आणि भरतीची एक मोठी लाट आली, तिनं तांबोशी उचलली आणि बायकांच्या धुण्याच्या दगडापाशी आणून ठेवली. आते पदर खोचून पाण्यात उतरली आणि कल्ल्यात हात घालून तिनं ती वर ओढली. माडाला टांगली तर शेपूट जमिनीवर लोळत होतं. शिजवायला देवळातला महाप्रसादाचा हंडा आणावा लागला. जेवायला सारी वाडी बसली, दोनदा वाढून झालं, तरी हंड्यातलं कालवण काठापर्यंतच होतं, असं म्हणतात.

राघोबानं आधी जबडा उघडून गळाची खूण पाहिली. मग डोकं पानात घेऊन त्यानं ते काट्यापर्यंत चोखून संपवलं. शेवटी हात चाटत म्हणाला, "व्याही, मानलं. आता घरचेच झालो. खरं सांगा, कुठं धरलीत?"

धाकूनं घास खाली ठेवला. वाडी ऐकत होती. "त्या दिवशी तुमच्या ओटीवर सांगितली ती वासराएवढी थाप होती," तो म्हणाला. "तोवर मी उभ्या जन्मात तांबोशी धरली नव्हती. ही पहिली. वहाळाच्या तोंडाशी धरली, होडी लागते तिथं. जिवंत कोळंबीवर. या गजराआतेनं सांगितलं तसं केलं म्हणून."

राघोबानं त्याच्याकडे पाहिलं, आतेकडे पाहिलं, आणि त्याला असं हसू आलं की त्याला ठसका लागला. "वा!" तो म्हणाला. "मासा खरा, म्हणून सुपारी फोडतो. पण जागा राखायची तर पटेल असं तरी सांगा हो! गुरांचं पाणी म्हणे!" त्यानं सुपारी फोडली, हौसाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि परतीची होडी सुटेपर्यंत कड्याखालच्या घळीत जाऊन गळ टाकून बसला.

आते पुढं पुष्कळ जगली. एका सकाळी तिची करवंटी खडपावर सापडली, दोर पाण्यात ताठ गेलेला. कुणी ओढला नाही. धाकू म्हातारा झाला होता, त्यानं वाकून तो सैल सोडला, आणि दोर समुद्रात निघून गेला. आते त्या मोठ्या माशाच्या मागं गेली, असं म्हणतात. भाचीकडे गेली होती, तिथं दोन दिवस तापानं पडली आणि वारली, असंही कुणी सांगतात. ते खरं असेल, पण उंडवेळेत ते कुणाला पटत नाही.

आजही नारळी पुनवेला उंडवेळेत समुद्राला नारळ वाहिला की पहिला गळ बायका टाकतात. मग वर्षभरात ज्यानं ज्यानं मोठा मासा धरला त्यानं गडग्यावर उभं राहायचं आणि साऱ्या गावासमोर सांगायचं, कुठं, कशावर, कुठल्या पाण्याला. त्याला 'आतेची खरी' म्हणतात. त्या दिवशी खोटं बोलेल त्याचा गळ वर्षभर खडपातच अडकतो. दोर ताणला की पोरं अजून ओरडतात, "आते म्हणते, सैल सोड!" आणि परगावचा कुणी गळ घेऊन आला आणि त्यानं जागा विचारली, तर गावानं आतेच्या नावानं त्याला खरंच सांगायचं, असा नेम आहे. गाव सांगतं. जागा सांगतं, आमिष सांगतं, दगड कसा बांधायचा तेही सांगतं. पाहुणा सगळं ऐकून घेतो, हसून मान डोलवतो आणि कड्याखालच्या घळीकडे चालू लागतो.

म्हणून तर वहाळाच्या तोंडाशी तांबोशी अजून येते.